चौथं बटण

आरमोरीच्या घनश्यामला जुने व्हिडिओ गेम जमवायचा नाद होता. रविवारी भर दुपारी त्यानं तीन गेम चार बटणांच्या एका डबीला जोडले आणि डबीची वायर जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीत खोचली. बटण दाबलं की गेम बदलायचा. तिन्ही झकास चालले.

चौथ्या बटणाला काहीच जोडलेलं नव्हतं. त्यानं ते सहज दाबलं. पडदा काळा झाला आणि काचेत त्याचं प्रतिबिंब दिसलं. प्रतिबिंबाच्या हातात गेम खेळायचा रिमोट होता आणि डावा अंगठा त्याच्या बटणावर दाबलेला होता.

घनश्यामचे हात रिकामे होते.

तेवढ्यात त्याची बायको नीलिमा पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि सरळ दाराकडे चालू लागली.

"कुठी चालली तू?"

"मी नाई चालून राह्यली," ती रडवेली होऊन म्हणाली. "पायच चालून राह्यले. धरा ना मले!"

त्यानं तिला कमरेला घट्ट धरलं. तिनं त्यालाही उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं. समोर, रस्त्यापलीकडे गावचा तलाव होता. शेवटी तिला सोडून तो मागं धावला आणि त्यानं टीव्हीची पिन उपटली.

काच आणखी काळी झाली. त्यातलं प्रतिबिंब उलट जास्तच स्पष्ट दिसू लागलं. अंगठा हलला नव्हता.

"अवो, तलाव आला!" बाहेरून नीलिमा ओरडली.

घनश्याम दाराकडे वळला, पण त्याचं पाऊल उचलेना.

काचेत आता उजवा अंगठाही बटणावर होता.