एक तरी बुडबुडा

“या डब्याला सकाळी उठल्या उठल्या पाणी. मला इतक्या वर्षांत कुणी ‘पाणी हवंय का’ म्हणून विचारलंय?” आई मुलीच्या कानाशी पुटपुटली. दोघी उघड्या बॉनेटवर वाकल्या होत्या. बॅटरी आईच्या हातात होती आणि उजेड एका जागी ठरत नव्हता.

“आई, हात हलवू नकोस.”

“हलवतंय कोण?”

वडील गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसले होते. गॅरेज त्यांचंच, आता मुलगी चालवत होती. गाडीही त्यांचीच, तिथल्या कुठल्याही गाडीपेक्षा म्हातारी. तिचा वॉटर पंप थेंब थेंब गळायचा. बदलू या म्हटलं की वडील म्हणायचे, गळू दे, बाटलीभर पाणी घातलं की तिचं भागतं. रोज सकाळी ते बाटलीभर पाणी घालत आणि मग नातीला शाळेत सोडत.

आज तिला शाळेतून परत आणताना चढावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, वाफेनं समोरचं दिसेना. छोटी रस्त्याच्या कडेला दप्तर पोटाशी धरून उभी आहे आणि आजोबा आत नुसतेच बसून आहेत, असं फोनवर कुणीतरी अनोळखी माणूस म्हणाला. वडिलांनी फोन केलाच नव्हता.

गाडी ओढून गॅरेजात आणली, तर रेडिएटर कोरडा ठणठणीत निघाला. पण मुलीनं तेल मोजायची पट्टी ओढून बघितली, तेव्हा टोकाला दुधाच्या कॉफीसारखं काहीतरी लागलं होतं. तेलात पाणी.

“गॅस्केट गेलं असणार,” आई लगेच म्हणाली. गॅस्केट म्हणजे इंजिनातलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं पातळ अस्तर, हे तिलाही माहीत होतं, लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं काही कानावर पडलंच नव्हतं. “जुनी गाडी, जायचंच. बदल आणि मोकळी हो.”

“हो. गॅस्केटच असेल.”

मुलीनं खराब तेल काढलं, नवं भरलं. रेडिएटर तोंडापर्यंत भरला आणि झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. गॅस्केट फाटलं असेल तर इंजिनातली हवा पाण्यात घुसते आणि बुडबुडे येतात.

“वरचा पाइप गरम, खालचा गार. काय समजायचं?” वडिलांनी दारातून विचारलं.

लहानपणापासून असंच. त्यांचे सगळे प्रश्न उत्तर ठाऊक असलेले. उत्तर चुकलं की पाना हातातून काढून घेत आणि पुन्हा विचारत.

“थर्मोस्टॅट अडकलाय.”

“आणि दोन्ही गरम?”

तिनं पाइपांना हात लावून बघितला. “दोन्ही गरम आहेत, बाबा. पाणी फिरतंय.”

“मग बुडबुडे बघ.”

ती बघतच होती. पाणी इंजिनाबरोबर बारीक थरथरत होतं, त्यात ट्यूबलाइटची एक रेघ. बाकी काही नाही. गॅस्केट गेलं म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं, मान मोडून काम. एरवी गिऱ्हाइकाच्या गाडीत बुडबुडा दिसला की तिच्या कपाळाला आठी पडायची. आज ती जीव मुठीत धरून त्याचीच वाट बघत होती. एक तरी येऊ दे. कारण गॅस्केट धड असेल तर तेलात पाणी शिरायला एकच वाट उरत होती. वरून, तेलाच्या तोंडातून. बाटलीनं.

“आले का?” आईनं ओठांतल्या ओठांत विचारलं.

मुलीनं नाही अशी मान हलवली.

“नीट बघ ना.”

“काय गं, आले का?” दारातून वडील.

“आले, बाबा. भरपूर.”

“हो, हो, मीसुद्धा बघितले,” आई म्हणाली.

वडील उठले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. दोघींच्या मधून वाकून त्यांनी पाण्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

“एकही नाही,” ते म्हणाले. “खोटं बोलायला मी नव्हतं शिकवलं तुला. आईकडून उचललंस वाटतं.”

 

मुलीनं इंजिन बंद केलं. उगाच काहीतरी करायचं म्हणून तेलाचं झाकण उघडून बघितलं. आतून पांढरा फेस. पंपाचं पाणी गाडीखाली थेंब थेंब गळत होतं.

“पाणी खाली गेलंय,” वडील म्हणाले आणि सवयीनं त्यांनी बाटली उचलली.

बॉनेटखाली दोन तोंडं उघडी होती. वडिलांचा हात एकीकडे गेला, थांबला. दुसरीकडे गेला, तिथेही थांबला. बाटलीतलं पाणी हिंदकळलं. आईनं बॅटरी खाली केली. उजेड फरशीवर पडून राहिला.

“यातलं पाण्याचं कुठलं?” त्यांनी विचारलं.

मुलीनं सवयीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग हसल्यासारखं केलं. “हे काय विचारणं झालं, बाबा? अजून परीक्षा घेताय?”

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. बाटली दोन्ही तोंडांच्या मध्ये तशीच होती.

“नाही गं पोरी. परीक्षा नाही घेत. मला खरंच कळत नाहीये.”