नांदगावचा आकडा

पंजाबरावांना या भानगडीतून मिळवायची होती खुर्ची. बाजार समितीची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती, आणि नांदगाव खंडेश्वरच्या यार्डात सरकारी खरेदीला आलेल्या तुरीची रांग आठ दिवसांपासून हलत नव्हती. किशोरला हवं होतं पुढच्या हंगामाचं कंत्राट. अमरावतीतल्या त्याच्या कंपनीनं दहा खरेदी केंद्रांना नोंदणीचा प्रोग्राम दिला होता आणि दहाही ठिकाणी लोक त्याच्या नावानं खडे फोडत होते. लुबना त्याच्याकडे प्रोग्रामर. तिला काय मिळणार, हे कोणी विचारलं नाही.

तिचे अब्बा, अब्दुल सत्तार, तूर भरलेली ट्रॉली घेऊन पातूरच्या यार्डात बसले होते. त्यांचाही आठवा दिवस.

त्या साली तूर अमाप पिकली होती. सातबारा, आधार, पेरा तपासून पावती निघाली, तरच पोतं काट्यावर चढायचं. पावती निघत नव्हती. पडद्यावर गोल चकरी फिरायची, फिरायची आणि मशीन बसायचं.

"सर, कनेक्शन कमी करू द्या," लुबना तिसऱ्यांदा म्हणाली. "आपला प्रोग्राम डेटाबेसला एकदम चाळीस कनेक्शन जोडतो. केंद्रावरचं मशीन जुनं. एका काट्यावर चाळीस पोती ठेवली तर वजन कोणाचं होणार? थोडी कामं आत घेऊ, बाकीची घडीभर दारात थांबतील. उलट लवकर होईल."

"दारं बंद केले का गर्दी लवकर हटते?" किशोर हसला. "वा! एका वेळी चाळीस, असं कंत्राटात लिहून देल्लं म्या. कमी केले असं कोणाले समजलं त कंत्राट गेलं."

"फक्त पातूरला करून पाहते."

"पातूरलेच काहून? बापाची ट्रॉली उभी हाय म्हणून?"

खिडकीबाहेर एप्रिलचं आभाळ अवेळी भरून आलं होतं. भिजलेली तूर केंद्रावर घेत नाहीत, हे या ऑफिसात कोणाला सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात पंजाबराव स्वतःच आले. चपला न काढता, पाणी न घेता.

"किशोरभाऊ, तुमचं मशीन हाय का रेडा? हाणल्याबिगर हलतच नाई! किती कनेक्शन देल्ले आमाले?"

"चाळीस, दादा."

"मंग ऐंशी करा! माणसं दुप्पट आले, दरवाजे दुप्पट पायजे. येवढं त आमच्या घरच्या गोदाबाईलेबी समजते, आन् ते मोबाइल उलटा धरते."

किशोर प्रोग्राम विकायचा, उघडून पाहायचा नाही. त्याला हे लगेच पटलं.

"लुबना, नांदगावले जाय. ऐंशी करून ये. आन् बिघडलं काही, त जबाबदारी तुयी. नोकरीबी."

ती वाद घालेल अशी त्याची अपेक्षा होती. तिनं पिशवी उचलली. "जाते, सर."

नांदगावच्या केंद्रात ती मशीनसमोर बसली. पंजाबराव पाठीशी उभे होते, पण नजर बाहेरच्या मतदारांवर. तिनं फाईल उघडली, चाळीसचा आकडा खोडला, एक कळ दाबली, फाईल जतन केली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

"झालं, काका."

"येवढंच? मंग आठ दिवस काय झोपले होते का तुमी?"

पहिली पावती निघाली. मग दुसरी. मग प्रिंटर थांबेचना. तीन वाजेपर्यंत रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात पावती होती आणि पंजाबराव भोंग्यावरून यार्डाला सांगत होते, "चाळीसचे ऐंशी कोणं केले? बोला, कोणं केले?"

संध्याकाळी किशोरनं लुबनाला टेबलासमोर उभं केलं.

"पायलं? म्हणे कमी करा! शिकलेल्यापेक्षा पंजाबराव बरे."

"हो, सर. बाकीच्या नऊ केंद्रांचं काय करू?"

"काय करू म्हणजे? नांदगावले जे केलं तेच सगळीकडं कर."

"लिहून द्या, सर. पातूर माझ्या घरचं. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

त्यानं ऐटीत लिहून दिलं: *सर्व केंद्रांवर नांदगावप्रमाणे बदल करणे.* खाली सही. लुबनानं कागदाची नीट घडी केली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या एसटीनं पातूरला गेली. दुपारी अब्दुल सत्तारांचं शेवटचं पोतं काट्यावरून गोदामात गेलं. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तेव्हा ते रिकाम्या ट्रॉलीची ताडपत्री झटकत होते.

"बेटा, तुमचं मशीन आज कैसं काय पळून राहिलं?"

"कोणीतरी डोकं लावलं, अब्बा."

पंजाबराव निवडून आले. सत्कारात त्यांनी ऐंशीची गोष्ट दोनदा सांगितली. लुबनानं दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. किशोरला कंत्राट मिळालं, शिवाय अकोल्याचं नवं मोठं केंद्रही.

पुढचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लुबनानं विचारलं, "अकोल्याला मी येऊ का, सर?"

"त्यात काय येवढं? मालुम हाय मले आता."

अकोल्यात जिल्ह्याचे साहेब समोर बसले होते. किशोरनं ऑपरेटरकडून ती फाईल उघडून घेतली आणि स्वतःच्या बोटानं आठ दाबला, मग शून्य दाबला. टाळ्या पडल्या. अकरा वाजता चकरी फिरायला लागली. बारा वाजता मशीन बसलं. एक वाजता साहेबांनी त्याच्याच पुढ्यात दुसऱ्या कंपनीला फोन लावला.

लुबना परतवाड्याच्या केंद्रावर होती. तिथं रांग नव्हती. फोन वाजला.

"लुबना, मशीन बसलं! कंत्राट चाललं हातातून!" किशोरचा आवाज फाटला होता. "काहून होऊन राहिलं असं? नांदगावसारखे बरोब्बर ऐंशीच टाकले म्या!"

"मग तिथंच चुकलं, सर," लुबना म्हणाली. "नांदगावला चार आहेत."