वर बघायचं नाही

एकोणीसशे अडुसष्ट साल. ताडाच्या शेंड्यावरून मोगरीचे ठोके येत होते, टक, टक, आणि खाली चुलाणापाशी ती काहिलीतला रस ढवळत होती. फुलोऱ्याचा दांडा असा ठोकून मऊ केला की मगच तो गोड रस सोडतो. वर नवरा, खाली ती. लग्न झाल्यापासून हेच. सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माणूस झाडावर असताना बाईने वर बघायचं नाही, त्याचा पाय सुटतो. तिने कधीच बघितलं नव्हतं. कानांनीच राखण करायची.

त्या सकाळी दोघांत अबोला होता. "साठी उलटली, आता चढणं पुरे," असं ती म्हणाली, त्याचा राग धरून तो न बोलता चढला होता.

पाक तार धरू लागला. आता हात थांबला की गूळ गेलाच. तेवढ्यात ठोके थांबले.

तिने वाट पाहिली. मडकं सोडवत असतील. दुसरा दांडा बांधत असतील. ठोका काही येईना. मग चढताना तो पायांत अडकवायचा तो दोर वरून येऊन तिच्या पुढ्यात पडला. तुटलेला.

तिने वर पाहिलं.

तो खोडाला मिठी मारून होता, डोळे घट्ट मिटलेले.

"अहो!"

"भोवळ आलीय," वरून बारीक आवाज आला. "तू पाक बघ."

"पाक गेला खड्ड्यात! डोळे उघडू नका. डावा पाय खाली सोडा."

"खाच सापडत नाही."

"तुम्हीच पाडल्यात ना खाचा? अजून खाली. खाली म्हणतेय, बाजूला नाही! बहिरे झालात का? हां, टेकला. आता उजवा."

उजवा पाय घसरला. खोडाचा भुसा तिच्या डोळ्यांत पडला. तिने पापणीसुद्धा लववली नाही.

"थांबा. दम खा. अबोला धरायचाय ना, तो खाली येऊन धरा."

मागे करपल्याचा वास सुटला. ती वळली नाही.

पाय जमिनीला लागले तसा तो खोडाशीच बसला. छाती सोलवटून निघाली होती. त्याची नजर आधी काहिलीकडे गेली.

"जाळलास ना गूळ?"

"जाळला." तिने काठावर थिजलेला काळा खडा फोडून त्याच्या हातावर ठेवला. "खा आता."

"कडू आहे," म्हणत त्याने सगळा खाल्ला.

त्यानंतर तो कधी चढला नाही. बाकीची झाडं जावयाने चढायला घेतली. त्या एका ताडाला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. पुढे काही वर्षांनी नवरा गेला, अंथरुणात, झोपेतच.

मोगरी वरच दोरीला अडकून राहिली होती. वारा सुटला की खोडावर आपटायची. टक. टक. काहिलीपाशी बसलेली ती कान द्यायची, आणि ढवळत राहायची. वर बघायची नाही.