पिकलेलं टमाटर

हिंगणघाटला कापसाच्या जिनिंग मशीनमध्ये उजवा हात गमावलेल्या नत्थूजींना कृत्रिम हात बनवणाऱ्या वर्षाली मॅडमने जेलीसारख्या मऊ बोटांचा नवा हात बसवला आणि समोर पिकलेलं टमाटर ठेवलं. नत्थूजींनी ते अलगद उचललं. साल जरासुद्धा दबली नाही.

"जोर जास्त झाला की ही बोटं आपोआप सैल पडतात," मॅडम म्हणाली.

नत्थूजींची बायको भागीरथा त्या टमाटराकडे सवतीकडे पाहावं तशी पाहत होती. "यायनं मले तीस वर्सात कधी असं धरलं नाई."

मॅडमला हसू आलं. "मग आता तुमचा हात द्या ना, काकू."

भागीरथाने हात पुढे केला. त्याआधी सवयीने काचेच्या बांगड्या कोपराकडे सारल्या, फुटू नयेत म्हणून.