मेथीची जुडी

"काकू, काकांना रोजच्या एखाद्या कामाला लावा. डोकं चालू राहिलं पाहिजे," फोनवरून रेश्मा म्हणाली. ती चिपच्या कंपनीची इंजिनीअर, पुण्यात बसलेली. काका सांगलीत, स्वयंपाकघरात.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दत्ताजीरावांचा निम्मा मेंदू कानामागच्या चिपवर चालत होता. आज तिच्यातली जुनी प्रणाली जाऊन नवी बसणार होती. तोवर चिप बंद ठेवायची सोय नव्हती. माणूस कसा बंद ठेवायचा?

शालनताईंनी मेथीची जुडी त्यांच्यापुढे ठेवली.

थोड्या वेळाने त्यांचा हात थबकला. मग ते एकेक पान अलगद खुडू लागले. ताटात काडी म्हणून नाही. शालनताईंनी फोन जवळ ओढला. लग्न झाल्यापासून या माणसाने अशी भाजी कधी निवडली नव्हती.

"रेश्मा, हे कोणी दुसरंच बसलंय गं इथं!"

"घाबरू नका. आत्ता नवंच चालतंय, ते अजून जुन्याकडून शिकतंय. तुम्ही हो म्हणेपर्यंत जुनं काढणार नाही."

त्या टक लावून बघत राहिल्या. दत्ताजीरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी एक जाड काडी पानांसकट ताटात भिरकावली. मागोमाग अख्खी मूठ.

"अहो, ही काय भाजी निवडलीत? निम्म्या काड्याच!" शालनताई कडाडल्या, पण डोळे भरून आले होते.

"काड्यांतच सत्त्व असतं," ते गुरगुरले. "खायची तर खा."

"काकू, काही बिघडलं का?" रेश्माने घाबरून विचारलं.

"काही नाही बाई. आमचेच आहेत. काढ ते जुनं."