तळहातावरचं पाणी
अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या घरात शोभनाताई पूजेला बसल्या होत्या, तेवढ्यात उल्हास लॅपटॉप घेऊन आला. "आई, ग्रीसच्या बेटाचं बुकिंग झालं. आम्ही डोंगरातल्या गावांत जाऊ, त्या दिवशी तू हॉटेलात समुद्र बघत बस. तिथल्या डोंगरावरच्या चर्चला तीनशे पायऱ्या आहेत." "समुद्र मी रत्नागिरीत जन्मभर पाहिलाय," त्या हळूच म्हणाल्या. "मला डोंगर बघायचाय." "गुडघे ऐकणार नाहीत तुझे." "तुझ्यापेक्षा बरं ऐकतात." "सिरियसली आई, हट्ट नको." त्यांनी उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतलं, तीनशेही पायऱ्या चढण्याचा संकल्प म्हटला आणि पाणी ताम्हनात सोडलं. उल्हासने लॅपटॉप मिटला. पाणी सोडल्यावर आईने कधी माघार घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. "मग बूट तरी घ्यावे लागतील," तो म्हणाला. "जिन्याखाली आहेत की. सहलीचं बोलणं निघाल्यापासून महिनाभर रोज स्टेशनपर्यंत चालून रुळवलेत."