यादीतून खोडलेली भाषा

मेळघाटातल्या उपकेंद्रात फुलय कासदेकर चार दिवसांत तिसऱ्यांदा तपासणी-यंत्रासमोर बसली होती. पोट धरून ती आपल्या कोरकू भाषेत काकुळतीने बोलली. यंत्राने ऐकून घेतलं आणि गोड मराठीत सांगितलं, "तक्रार आढळली नाही. घरी जा."

पाहणीसाठी मुंबईहून आलेल्या उपसचिव वसुधा नाईकवाडे दारातच थबकल्या.

"जुन्या यंत्राला हिची भाषा कळायची, मॅडम," नर्स जांभेकर म्हणाली. "सगळ्या राज्याची खरेदी एकत्र झाली आणि ते काढून नेलं. आता ह्याने होकार दिल्याशिवाय रुग्णवाहिका हलत नाही. मी हिच्या वतीने बोलले, तर कर्मचाऱ्याचा आवाज म्हणून नाकारतं."

वसुधाताईंना ती निविदा आठवली. सगळ्या जिल्ह्यांना एकच यंत्र वेळेत मिळावं, म्हणून भाषांच्या यादीतल्या शेवटच्या चार ओळी त्यांनीच खोडल्या होत्या. बैठकीत टाळ्याही पडल्या होत्या.

फुलयने नर्सला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, माझं बोलताना काही चुकलं का?"

वसुधाताईंची मान खाली गेली. "तिला सांगा, चूक माझी आहे."

फुलयचं दुखणं नर्सकडून समजून घेऊन त्या स्वतःच यंत्रासमोर बसल्या. "माझ्या पोटात उजवीकडे चार दिवस असह्य दुखतंय," त्या खोटं बोलल्या.

बाहेर रुग्णवाहिका सुरू झाली. आत चढताना फुलयने त्यांना हात जोडले. वसुधाताईंना ते हात बघवेनात.